केळापूरचे अरण्य आणि लोकांचे उद्यान

अरण्य पाहावयास जाणे ही गोष्ट आपल्याकडे हळूहळू ऐपतीच्या सदरात जमा होत चालली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका हे त्याचे ठळक उदाहरण म्हणून दाखविता येईल. नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, तालुक्याचे ठाणे असलेल्या पांढरकवड्यानजीक, टिपेश्वरचे अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले, सुमारे १४८ चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे सागवानी अरण्य वाघांमुळे गेल्या काही वर्षांत दूरवर प्रसिद्धीस आले. नागपूर, हैदराबाद आणि त्याहूनही लांबच्या शहरांतून पाहुणे येतात, सुन्ना प्रवेशद्वारातून जिप्सी गाडीत बसून आत जातात, आणि वाघ दिसला तर कृतार्थ होऊन, न दिसला तर हिरमुसले होऊन परततात.

या पाहुण्यांविषयी आमची काही तक्रार नाही. सिमेंटच्या जंगलात राहणाऱ्या माणसाला झाडांची ओढ वाटावी, हे त्याच्यातील माणूसपण शाबूत असल्याचेच लक्षण आहे. प्रश्न निराळा आहे. अभयारण्याच्या कडेच्या पोडावर राहणाऱ्या कोलाम मुलाने, सरकीचे भाव पडले की उधारीवर दिवस काढणाऱ्या कास्तकाराने, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीने हे अरण्य पाहावयाचे ते कसे आणि कोणत्या नात्याने? प्रवेशशुल्क, गाडीचे भाडे, गाईडचे शुल्क यांची बेरीज हजारांच्या घरात जाते. शेतमजुराच्या कुटुंबाने कित्येक दिवसांची मजुरी ओतावी, तेव्हा त्याला आपल्याच उशाशी असलेल्या जंगलाचे दर्शन घडावे, अशी ही व्यवस्था आहे. जंगलात त्याने पायी पाऊल टाकले तर तो गुन्हेगार ठरतो, आणि गाडीतून जाण्याइतके पैसे त्याच्यापाशी नाहीत. म्हणजे अरण्य एकाच्या बाबतीत पर्यटनस्थळ आणि दुसऱ्याच्या बाबतीत निषिद्ध क्षेत्र झाले.

आमचे म्हणणे असे की केळापूर तालुक्यात लोकांचे असे एक सार्वजनिक वनोद्यान असले पाहिजे. ते अभयारण्याच्या बाहेर, गावाच्या सामूहिक वनावर असावे, ग्रामसभेच्या कारभाराखाली असावे आणि गरिबातल्या गरीब माणसाला सहकुटुंब दिवसभर तेथे हिंडता यावे. ही मागणी चैनीची नाही. तिच्या मुळाशी मालकीचा, ज्ञानाचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, म्हणूनच ती या पानावर मांडावयाची.

वनस्पती उद्यान आणि राखीव जंगल या दोन संस्था आपल्याकडे एकाच घराण्यातून आल्या, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्याजवळ शिबपूर येथे १७८७ साली वनस्पती उद्यान स्थापन केले, ते लोकांनी फुले पाहावीत म्हणून नव्हे. कोणती झाडे कंपनीच्या व्यापारास उपयोगी पडतील याची ती प्रयोगशाळा होती. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ दापुरीला असेच सरकारी उद्यान होते. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन हेच पुढे १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. बागेचा कारभारी तोच जंगलाचा कारभारी झाला, यात योगायोग थोडा आणि धोरण फार होते. झाडाची किंमत सरकारी तिजोरीच्या संदर्भात ठरवावयाची, आणि त्या झाडाखाली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला उपद्रव समजावयाचे, हे ते धोरण. १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांनी त्यावर कायद्याची मोहोर उमटविली.

या धोरणाला पहिले सामुदायिक आव्हान ज्या प्रदेशांतून मिळाले, त्यांत यवतमाळ जिल्ह्याचे नाव अभिमानाने घ्यावे लागेल. १९३० च्या जुलै महिन्यात याच जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगवास पत्करला. समुद्रकाठच्या लोकांनी मीठ उचलले, तर समुद्र न पाहिलेल्या वऱ्हाडाने विळा उचलला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली. मूठभर गवताचे मोल ते काय! परंतु त्या मुठीत हे जंगल आमचे आहे असा उच्चार होता, आणि तो परकीय सत्तेला गोळीने दाबावासा वाटला. स्वातंत्र्यानंतर गोरा साहेब गेला. वनकायदा मात्र राहिला, आणि त्याच्या जोडीला आता तिकीटघर आले.

सार्वजनिक उद्यान हे खरोखर लोकांचे राहते की नाही, याची कसोटी शहरातही लागते. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. गिरणगावातल्या कामगाराची पोरे रविवारी जेथे हक्काने जात, अशी ती जागा. आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान ते हेच. तीन हजारांच्या आसपास वृक्ष असलेल्या या बागेचा कायापालट करण्याची मोठी योजना निघाली, तेव्हा २००७ पासून पुढे अनेक वर्षे मुंबईच्या जागरूक नागरिकांनी, विशेषतः काही भगिनींनी, हे मूळचे वनस्पती उद्यान आहे, त्याचा तमाशा करू नका, असा चिवट लढा दिला. पुढे २०१६ साली तेथे पेंग्विन आले, आणि २०१७ साली प्रौढांचे पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपयांवर गेले. चौघांच्या कुटुंबाला शंभर रुपयांची सवलत ठेवली गेली, हे खरे. परंतु परदेशी पक्ष्याच्या थंड हवेचा खर्च गरिबाच्या रविवारातून वसूल करण्याची ही रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. आकर्षण जेवढे मोठे, तेवढे दार अरुंद. टिपेश्वरचा वाघ काही परदेशातून आणलेला नाही. पण त्याच्या नावाने घडते ते याहून फार वेगळे नाही. सिंगापूरचे वनस्पती उद्यान आज जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेले आहे आणि ऑर्किडांचा एक विभाग सोडला तर तेथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. भांडवलशाही देशाला जे जमते ते समाजवादाची आश्वासने ज्याच्या घटनेत लिहिली आहेत त्या देशाला जमू नये काय?

मग केळापूरच्या वनोद्यानात पाहावयाचे काय? हिरवळ, कारंजी आणि सिमेंटचे हत्ती यांची तेथे गरज नाही. या तालुक्याचे जंगल हेच एक भरलेले वनस्पतिशास्त्राचे पुस्तक आहे. साग, ऐन, धावडा, सालई, मोह, तेंदू, चार, बिब्बा, बेहडा, आवळा, कुसुम, पळस, बांबू या प्रत्येकाशी येथील माणसाचा व्यवहार जडलेला आहे. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो. कुसुमावर लाख धरते. पळसाच्या पानांच्या पत्रावळीवर गावजेवण उठते. बांबूच्या टोपल्या आणि तट्टे विणण्यात कोलामांचा हात धरणारा नाही. ही माहिती कोणत्याही सरकारी फलकावर लिहिलेली आढळत नाही. सरकारी बागेत झाडाला लॅटिन नावाची पाटी असते, फार तर खाली मराठी नाव. येथे प्रत्येक झाडाच्या पाटीवर कोलामी आणि गोंडी नाव सर्वांत वर असले पाहिजे. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना शासन विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणते. आदिम म्हणून ज्यांना वेगळे काढले, त्यांच्या भाषेत झाडाला नाव आहे, औषधाला नाव आहे, ऋतूला नाव आहे. ते नाव पाटीवर आले की शाळेत खालमानेने बसणारा कोलाम विद्यार्थी त्या दिवशी मास्तरांना शिकवील.

उद्यानातील उत्सवही बाहेरून आणावयास नकोत, कारण जंगलाचे स्वतःचे पंचांग आहे. फाल्गुनात पळस पेटतो. चैत्रात भल्या पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो, आणि ती वेचणाऱ्या बायकांबरोबर शहरातील मुलांनी एक सकाळ घालविली तर अर्थशास्त्राचा एक धडा पाठ होईल. वैशाखात चारोळी आणि तेंदूपत्ता. हे पान १९६९ च्या कायद्याने राज्याच्या मक्तेदारीत गेले होते आणि ते पुन्हा ग्रामसभांच्या हाती येण्यास किती काळ लागला, हा इतिहास त्याच झाडाखाली सांगावा. पावसाळ्यात साग फुलतो, त्याच्या पानांची किडीमुळे चाळण होते आणि त्याच दिवसांत तरोटा, कुड्याची फुले, बांबूचे कोवळे कोंब या रानभाज्या बाजारात येतात. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनी रानभाज्यांचा मेळावा भरवावा. आश्विनात केळापूरच्या जगदंबेच्या नवरात्रात पंचक्रोशीतील हजारो माणसे येतात. त्यांतील काहींची पावले तरी वनोद्यानाकडे वळावीत. ऑक्टोबरचा पहिला आठवडा वन्यजीव सप्ताह म्हणून साजरा होतो. त्यातील भाषणे सभागृहात होण्याऐवजी येथे व्हावीत, आणि वक्ते म्हणून वनपालाइतकाच मान पोडावरच्या वैदूला मिळावा.

कोणी म्हणेल, हे सारे स्वप्नरंजन आहे, कायदा कोठे आहे? कायदा आहे आणि तो लढून मिळविलेला आहे. केळापूर तालुक्यातील अनेक गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात, म्हणजे १९९६ चा पेसा कायदा तेथे लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनाचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. जैवविविधतेपर्यंत पोहोचण्याचा आणि तिच्याविषयीच्या पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क त्याच तिसऱ्या कलमात आहे. कोलामांसारख्या जमातींना त्यांच्या अधिवासाचाही हक्क तेथे मान्य केला आहे. अभयारण्ये या कायद्याच्या कक्षेबाहेर नाहीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमावयाच्या आहेत आणि लोक जैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या आहेत. माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञाने ज्या नोंदवहीचा आयुष्यभर पाठपुरावा केला, ती कित्येक ठिकाणी कंत्राटदाराकडून भरून घेऊन कपाटात ठेवली जाते. तीच नोंदवही झाडाझाडापाशी उभी करणे, एवढाच वनोद्यानाचा अर्थ आहे.

आणि हे जमते, याचे पुरावे विदर्भातच आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने २०१२ साली एक हजार हेक्टरवर हक्क मिळवून बांबूचा कारभार स्वतः केला, आणि झाडाला आग व इजा होते म्हणून तेंदूपत्त्याचे उत्पन्न स्वखुशीने सोडून दिले. अमरावती जिल्ह्यातील पायविहीरची कथा केळापूरला अधिक जवळची आहे. त्या गावाच्या वाट्याला आले ते उजाड झालेले १९२ हेक्टर. तेथे गावकऱ्यांनी श्रमाने जंगल पुन्हा उभे केले, सीताफळे विकली, आणि २०१४ साली त्यांच्या कामाचा राष्ट्रीय पातळीवर जैवविविधतेच्या पुरस्काराने गौरव झाला. जंगल लोकांच्या हाती दिले की लोक ते तोडून खातील, असे नोकरशाही शंभर वर्षे सांगत आली. या तीन गावांनी तिला दिलेले उत्तर जमिनीवर उभे आहे. उलट शासनाने मंत्र्यांच्या हस्ते केलेल्या वृक्षारोपणाचा हिशेब काय सांगतो? कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने एका पावसाळ्यात तेहेतीस कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. आकडा कोटींत असला की झाड कोणाचे आणि त्याला पाणी कोण घालणार, हा प्रश्न विचारण्याचे कोणाला सुचत नाही.

दोन आक्षेपांना मात्र प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. पहिला आक्षेप वन्यजीवप्रेमींचा. वाघाला शांतता हवी, माणसांची वर्दळ नको, असे ते म्हणतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच हे उद्यान अभयारण्याच्या पोटात नको, गावालगतच्या वनात हवे, असे आम्ही प्रारंभीच म्हटले. मात्र वाघ आणि माणूस यांच्यामध्ये कुंपण घातले की प्रश्न सुटला, हा समज केळापूरच्या मातीत टिकत नाही. २०१६ पासून पांढरकवडा व राळेगावच्या परिसरात एकामागून एक माणसे वाघाच्या हल्ल्यात मेली. वनविभागाने तेरा मृत्यूंचा संबंध टी-१ या वाघिणीशी जोडला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती राळेगाव तालुक्यात मारली गेली. देशभर तिच्यासाठी हळहळ व्यक्त झाली, न्यायालयात अर्ज झाले, मेणबत्त्या लागल्या. मेलेल्या गुराख्यांची आणि शेतकऱ्यांची नावे मात्र किती जणांना ठाऊक होती? तिचे मरण दुःखाचे होते, यात शंका नाही. पण ज्यांच्या दुःखाला नाव नसते अशा माणसांच्या शेजारी कोणताही वाघ फार काळ सुरक्षित राहू शकत नाही. पुढच्याच वर्षी टिपेश्वरमध्ये जन्मलेला एक तरुण वाघ तेलंगणाची सीमा ओलांडून, कापसाच्या आणि तुरीच्या शेतांमधून, तेराशे किलोमीटरांहून अधिक अंतर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची ही वाट शेकडो गावांच्या शिवारांतून गेली. गावाने त्याला जाऊ दिले, म्हणून तो गेला. वाघाचे भवितव्य या गावांच्या मनात ठरणार आहे. ज्या मुलाने जंगल आपले म्हणून हिंडून पाहिले, तो मोठेपणी तारेचा फास लावणार नाही. वनोद्यान हे वाघाचेही संरक्षण आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच मित्रांचा, आणि तो अधिक वजनाचा. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जगाला कळले, तेथे कापसाचा भाव, कर्ज, पाणी आणि वनहक्काचे प्रलंबित दावे हे प्रश्न सोडून बागेचे काय घेऊन बसलात, असे ते विचारतात. भाकरीचा प्रश्न पहिला, हे कोणी नाकारीत नाही. परंतु भाकरी आधी आणि बाकीचे नंतर, असे म्हणत म्हणत श्रमिकांच्या वाट्याला केवळ भाकरीचाच लढा यावा आणि सौंदर्य, विश्रांती, ज्ञान ही मालदारांची वतने व्हावीत, ही विभागणी समाजवाद्यांनी कधी मान्य केली नाही. आठ तासांच्या कामाची मागणी करणाऱ्या कामगारांनी आठ तास विश्रांतीही मागितली होती. शिवाय हे उद्यान भाकरीच्या आड येत नाही. रोपवाटिका, बंधारे, वाटा, वणव्यापासून राखण, बांबूचे काम, मोह-चारोळीची विक्री, माहिती सांगणारे तरुण, पाहुण्यांसाठी भाजी-भाकरी करणारे महिला बचत गट, अशी कामे त्यातून उभी राहतात. १९७७ साली मागेल त्याला काम देण्याचा रोजगार हमी कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात सार्वजनिक निधीतून असे काम काढणे अशक्य नाही. चंद्रपूर जिल्ह्यात विसापूरला शासनाने भव्य वनस्पती उद्यान उभारले आहे. तेव्हा पैसा नाही असेही म्हणता येणार नाही. प्रश्न पैसा कोणाच्या हातून आणि कोणासाठी खर्च व्हावा, एवढाच उरतो.

म्हणून केळापूर तालुक्यातील आणि एकंदर यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी हाती घ्याव्यात. ज्या गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे अडले आहेत त्यांची यादी करून ते तहसील आणि उपविभागीय कार्यालयात लावून धरावेत. हक्क मिळालेल्या एखाद्या ग्रामसभेने ठराव करून पंचवीस-तीस हेक्टर वन अशा उद्यानासाठी निश्चित करावे. जमातीतील वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन शिक्षकांनी आणि युवकांनी नोंदवही नव्याने लिहावी, तीत झाडांची नावे चारही भाषांत, म्हणजे कोलामी, गोंडी, मराठी आणि शास्त्रीय, यावीत. प्रवेश स्थानिकांना व शाळांच्या मुलांना विनामूल्य, इतरांना नाममात्र शुल्कात असावा आणि त्याचा पै-पैचा हिशेब ग्रामसभेच्या फलकावर लागावा. टिपेश्वरच्या उत्पन्नातील वाटा कडेच्या गावांना किती मिळतो आणि तो कशावर खर्च होतो, याचाही हिशेब जाहीर मागावा. वर्षातून एक दिवस तरी या तालुक्यातील प्रत्येक शाळकरी मुलाला शासनाने स्वखर्चाने अभयारण्य दाखवावे, ही मागणी तर आजच करता येण्याजोगी आहे.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याला फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन साधने सांगितली होती. तुरुंगाची आठवण आपण सभांतून जागविली आणि मतपेटीच्या मागे आपण पुष्कळ धावलो. फावडे मात्र अलीकडे कोपऱ्यात गंजत पडले आहे. येत्या पावसाळ्यात केळापूरच्या एखाद्या उजाड टेकाडावर ते पुन्हा हाती धरावे. बापूजी अण्यांनी १९३० साली विळ्याने गवत कापून हक्क सांगितला. आज तोच हक्क मोहाचे रोप लावून आणि त्याच्याजवळ कोलामी नावाची पाटी उभी करून सांगावयाचा आहे. त्याला वनखाते हरकत घेईल, तर ती हरकत कोणत्या कायद्याखाली घेतली हे त्याने ग्रामसभेपुढे येऊन सांगावे.